अनुभव धागा: 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणारी मुलं

संख्या ऐकताना आणि लिहिताना पहिली-दुसरीची मुलं नेमकी कुठे अडतात, आणि काय केल्यावर सुटतात? शिक्षक-पालकांनी बारकाव्यांसह लिहावं.

शिक्षिका, इयत्ता दुसरी
ही चूक निष्काळजीपणाची नाही. 'सत्तावीस' म्हणताना कानावर आधी सात पडतो, वहीत मात्र आधी २ लिहायचा असतो. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं, म्हणजे लक्ष देऊनच लिहितं! 'एकोणतीस' आणखी फसवं. ऐकू येतं तीस, लिहायचे २९. म्हणून वहीत ३९ किंवा ३१ सापडतात. एकोणऐंशी, एकोणनव्वद शिकलेली मुलं ९९ला 'एकोणशंभर' म्हणतात. त्यांना नियम बरोबर सापडलाय, नव्व्याण्णव हा भाषेतला अपवाद आहे. हे त्यांना आवर्जून सांगा.

साहित्य: आइस्क्रीमच्या १०० काड्या, १० रबर बँड. दहाचा गठ्ठा मुलानेच मोजून बांधायचा. आयता गठ्ठा दिला तर त्यात दहाच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही, ते पुन्हा एकेक काडी मोजत बसतं. संख्या सांगितली की पेन्सिल खाली. आधी गठ्ठे उचलून डावीकडे ठेवायचे, सुट्या काड्या उजवीकडे. 'दहाचे गठ्ठे किती?' याचं उत्तर आलं की तो अंक लिहायचा, मग सुट्यांचा. एका वेळी ५-६ संख्या पुरे. सरावात २२, ३३, ५५ टाळा. अंक उलटे लिहिले तरी तेच दिसतात, त्यामुळे चूक लपून राहते.

पालक, सेमी-इंग्रजी
इथे अंकांचाही गोंधळ असतो. मराठी १ आणि इंग्रजी नऊ, मराठी ५ आणि इंग्रजी चार सारखेच दिसतात. एका पानावर एकाच लिपीचे अंक ठेवावेत. बेरीज चुकली तर आधी मुलाला गणित मोठ्याने वाचायला लावा. बऱ्याचदा बेरीज बरोबर असते, अंक वाचण्यात गडबड झालेली असते.

शिक्षक, जिल्हा परिषद शाळा
२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मोठा वाद झाला. माझ्या मते काही आठवडे आधार म्हणून ते उत्तम आहे: 'सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात'. पण बाजारात, घरात सत्तावीसच ऐकू येणार, त्यामुळे ते नाव सोडून चालत नाही.

वागण्याबद्दल: गणिताच्या तासालाच तहान लागणं, सारखं खोडणं, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं याला आपण खोड म्हणतो. बहुतेकदा मूल चूक लपवत असतं. फळ्यापाशी उभं करून संख्या विचारल्या की हे वाढतं. दोघांना मिळून एक पाटी द्या. एकाने काड्या मांडायच्या, दुसऱ्याने लिहायचं, पाच संख्यांनंतर अदलाबदल. खोडरबर बाजूला ठेवा. चुकीवर एक आडवी रेघ मारून बरोबर संख्या शेजारी लिहू दे, म्हणजे मूल नक्की कुठे अडलं ते आपल्याला कळतं.

पालक, जर्मनी
जर्मनमध्येही आधी सात, मग वीस: 'सीबेन-उंड-त्स्वान्त्सिश'. इथल्या मुलांचीही हीच चूक होते. आधी एकक लिहून डावीकडे जागा सोडायची आणि दशक मागून भरायचा, ही सवय मात्र लागू देऊ नका. तीन अंकी संख्या आल्या की क्रम बिघडतो, आणि कॅल्क्युलेटरवर तर मागे जाऊन अंक भरताच येत नाही.