अनुभव धागा: सिनेमा तोच, आपण पार्टी बदलली

पोळीचा_लाडू (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी भाची राहायला आली होती. वय सोळा, हातात मोबाइल, तोंडात 'बोअर होतंय'. म्हटलं चल, आमच्या काळातला सिनेमा दाखवते, आणि 'कुछ कुछ होता है' लावला. १९९८ साली तो लागला तेव्हा मी बारावीला होते. क्लास बुडवून आम्ही पाच जणी गेलो होतो आणि टीनाच्या पत्रांवर पाच जणींत मिळून दोन रुमाल भिजवले होते. अंजलीचं बघून मी बॉयकट केला आणि त्याच सिनेमाचा उत्तरार्ध आठवून पुढे दोन वर्षं केस वाढवलेही. आईने दोन्ही वेळा बोलणी दिली.

भाची बराच वेळ गप्प होती. मग समर कॅम्पमधला बास्केटबॉलचा प्रसंग आला. "मावशी, कॉलेजात ती त्याला भारी पडत होती ना? साडी नेसल्यावर खेळ विसरली का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि हिला पहिल्याच फटक्यात पडला. शेवटी अमनने मांडवात अंजलीचा हात सोडला तेव्हा तर मी चक्क त्याच्या बाजूने बसले होते. तेव्हा हा माणूस मध्ये कडमडलेला वाटला होता. आता वाटलं, बिचाऱ्याच्या घरच्यांनी केटररला काय सांगितलं असेल? वऱ्हाडाच्या परतीच्या तिकिटांचं काय? या वयात डोक्यात असलंच काहीतरी येतं.

तर विषय असा: रोमकॉम म्हणा, शाळा-कॉलेजच्या प्रेमाचे सिनेमे म्हणा किंवा मालिका, असं काही सांगा जे तुम्ही दोन वेगळ्या वयांत पाहिलंत आणि दुसऱ्या वेळी पार्टी बदललीत. हिंदी, मराठी, इंग्रजी, काहीही चालेल. परीक्षण नको, अनुभव हवा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाचे प्रतिसादही चालतील, पण त्यात निदान एक प्रसंग असू द्या.

खिडकीतली_तुळस

अमनच्या केटररला +१. हसून हसून चहा सांडला.

माझा नंबर 'दिलवाले दुल्हनिया'चा. पहिल्यांदा १९९५ लाच, नवीन लग्न झालेलं, साताऱ्यात. सिमरनची आई दागिन्यांचं गाठोडं आणून देते आणि पळून जा म्हणते. राज नाही म्हणतो, मी बाऊजींच्या परवानगीनेच नेणार. थिएटरात टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या. काय संस्कारी मुलगा!

गेल्या वर्षी टीव्हीवर लागला होता, शेंगा सोलत बघत होते. त्या प्रसंगाला हात थांबले. त्याआधी हीच बाई मुलीला सांगते की बहीण म्हणून, बायको म्हणून आपण काय काय सोडत आलो, तुझं तरी असं होऊ नये असं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याच्या विरोधात काहीतरी करायला उठते, आणि हा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा तिला तत्त्वज्ञान ऐकवून ते गाठोडं परत घ्यायला लावतो. शेवटी स्टेशनवर परवानगी कोण देतं? बाऊजी. सिमरनच्या आईने, लाजोने तर ती आधीच दिली होती की! तिची परवानगी कुणी मोजलीच नाही.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दागिने तरी ठेवून घ्यायचे होते पोरीने." हाही एक दृष्टिकोन.

एसटीचा_पास

हा सिनेमा मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही, कारण मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो आणि मराठा मंदिर समोरासमोर. गावाकडच्या गाडीला वेळ असला की आम्ही पंख्याखाली बसायला आत जायचो. २०१४ च्या डिसेंबरात तिथे हजार आठवडे झाले, त्यातले काही आठवडे आमच्या झोपेचे आहेत. पार्टी बदलायला आधी पूर्ण बघायला हवा.

तिसरी_घंटा

'टाइमपास'. २०१४, कल्याण, मित्रांची अख्खी रांग, दगडूच्या एंट्रीला शिट्ट्या. शिट्ट्या मारणं आमचं कर्तव्यच होतं, कारण आम्ही सगळे चाळीतले. मी स्वतः दहावीला गणितात गेलेला. घरी पेपर टाकून मग क्लासला जायचो. त्यामुळे तो पडद्यावर नव्हता, तो मीच होतो आणि प्राजक्ताचा बाप माधव लेले म्हणजे आमच्या आयुष्यातले सगळे टापटीप बंगलेवाले.

आता मुलगी पंधराची आहे. आम्ही टू बीएचकेत राहतो. मागच्या महिन्यात सिनेमा चॅनेलवर लागला होता, तिघं मिळून बघत होतो. लेले ओरडायला लागला आणि माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "बरोबर बोलतोय की तो!"

मुलीने वळून बघितलं. बायकोनेही. बायको माझ्याच चाळीतली, दोन मजले वरची. ती काही बोलली नाही, पण तिने टीव्हीचा आवाज एकने कमी केला. आमच्या घरात ही सूचना असते.

रात्री झोप लागेना. लेलेला मुलीची काळजी आहे हे खरं. पण त्याचं निम्मं ओरडणं मुलगा कोणत्या गल्लीतला आहे यावर आहे. म्हणजे मी ज्याच्या बाजूने बोललो, तो माझ्यावरच ओरडत होता. मुलीच्या बसस्टॉपवर एक पोरगा रोज उभा असतो, सायकलवाला. त्याचे बूट फाटके आहेत हे मी बघून ठेवलंय. हे मी का बघून ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला आवडलेलं नाही.

कॉटनची_साडी

तिसरी_घंटा, प्रामाणिक लिहिलंत.

मी जरा उलटी बाजू मांडते. नव्वदच्या दशकात आम्ही मुली सांगलीत कॉलेजला जायचो तेव्हा जो कोणी हिरो पडद्यावर मुलीच्या मागे मागे गाणं म्हणत फिरायचा, त्याची प्रत सोमवारी आमच्या रस्त्यावर दिसायची. लुनावरून. दोन महिने एक जण माझ्या सायकलच्या मागे ठरावीक अंतर ठेवून येत होता. एकदा तर त्याने शीळ घालून तेच गाणं म्हटलं. मैत्रिणी म्हणायच्या, किती रोमँटिक! मला मात्र घरी पोचेपर्यंत पोटात गोळा. खरी गंमत पुढेच आहे: थिएटरात तेच दृश्य बघताना मीही विरघळत होते. बाहेर भीती, आत गुदगुल्या. एकाच आठवड्यात. त्यामुळे मी पार्टी बदलली असं म्हणणार नाही, मी दोन्ही पार्ट्यांत होते.

एडिसनची_आजीबाई

न्यू जर्सीहून लिहितेय. आयडीवर जाऊ नका, वय एकोणपन्नास.

'नेव्हर हॅव आय एव्हर' नेटफ्लिक्सवर आली २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले. मुलगी चौदाची. दोघींनी सोफ्यावर पांघरुणात बसून पहिला सीझन संपवला. देवी तमिळ घरातली, कॅलिफोर्नियातली, पण त्या शाळेच्या जिममधल्या गणेशपूजेला मुलगी हसून लोळली. आमच्या मंडळाचा गणपतीही भाड्याच्या शाळेतच बसतो. बास्केटबॉलच्या रिंगखाली मखर, आरतीच्या आवाजात मध्येच कुणाच्या तरी कॉलेज ॲडमिशनची चौकशी. "आई, ही तर आपल्या मंडळातलीच काकू!" तिने तीन वेळा मागे घेऊन बघितलं.

तेव्हा मी पूर्णपणे देवीच्या बाजूने. तिची आई नलिनी मला कर्कश वाटली. मुलीच्या डोळ्यांसमोर, ती वाद्यवृंदात हार्प वाजवत असताना बाप कोसळतो आणि जातो, त्या धक्क्याने तिचे पाय काही महिने चालत नाहीत, आणि ही बाई तिच्यावर ओरडतेच आहे? मुलीला म्हटलंसुद्धा, मी अशी नाही हं. मुलगी काही बोलली नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे बाबा पुण्यात गेले. विमानं, व्हिसा, कोविड, काहीच जमलं नाही. अंत्यविधी मी फोनवर बघितला. मध्येच व्हिडिओ अडकला, आणि पुन्हा सुरू झाला तोवर सगळं झालं होतं. त्यानंतर दोन आठवडे मी घरात फक्त ओरडत होते. डिशवॉशर नीट का नाही लावला, बूट इथे कोणी काढले.

मुलगी कॉलेजला गेल्यावर एका रविवारी मी एकटीने ती मालिका पुन्हा लावली. पहिल्या सीझनच्या शेवटी देवी, नलिनी आणि चुलत बहीण कमला, तिघी मालिबूच्या समुद्रावर बापाची राख सोडायला जातात. या वेळी मी देवीकडे बघितलंच नाही. नलिनीकडे बघत होते. त्या बाईला रडायला वेळच मिळालेला नाही, दवाखाना आहे, मुलगी आहे, डबा आहे. ओरडणं हे तिचं रडणंच आहे.

मुलीला मेसेज केला: 'नलिनी बरोबर होती.' तिचं उत्तर आलं: 'दोघी बरोबर होत्या. जेवलीस का?'

कटिंग_चाय

माझं लहानसं आणि हास्यास्पद आहे. 'व्हेन हॅरी मेट सॅली', १९८९ चा, मी पाहिला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, रूममेटच्या हार्डडिस्कमधून. मुलगा-मुलगी नुसते मित्र राहूच शकत नाहीत, हे हॅरीचं म्हणणं मी वेदवाक्य धरलं. माझी एक उत्तम मैत्रीण होती, सबमिशनच्या जर्नल्स एकमेकांच्या उतरवायचो, एकाच प्लेटमध्ये मिसळ खायचो. मी थर्टीफर्स्टच्या रात्री बाराच्या ठोक्याला, सिनेमात होतं तसंच, तिला जाऊन प्रपोज केलं. ती म्हणाली, "अरे, डोकं फिरलंय का?" आणि पुढच्या सेमिस्टरला मी जर्नल एकट्याने लिहिली.

बऱ्याच वर्षांनी वाचलं की मूळ पटकथेत ते दोघं एकत्र येतच नव्हते. दिग्दर्शक रॉब रायनरला शूटिंगच्या दरम्यान त्याची होणारी बायको भेटली आणि त्याने शेवट बदलला. त्याचं लग्न जमलं, ठीक आहे. पण आधीचा शेवट ठेवला असता तर माझी एक मैत्रीण वाचली असती.

तांबडा_पांढरा

'हार्टस्टॉपर'. नेटफ्लिक्स, २०२२. इंग्लंडमधली मुलांची शाळा, चार्ली आणि रग्बी खेळणारा निक, हाताला हात लागला की पडद्यावर चित्रातली पानं उडतात. मी तेव्हा एकतीसचा होतो. कोल्हापुरात, रात्री दीडला, इअरफोन लावून, ब्राइटनेस कमी करून. एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या खोलीत ब्राइटनेस कमी करून बघणं म्हणजे काय ते ज्यांना कळलं त्यांना कळलं.

पहिल्यांदा बघताना राग आला होता. इतकं गोड? आमच्या वर्गात हे दोघं चार दिवस टिकले नसते. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. मी शाळेत होतो तेव्हा कायदासुद्धा आमच्या बाजूने नव्हता, पीटीचे सर तर दूरच. सोळाव्या वर्षी लागणारी गोष्ट एकतिसाव्या वर्षी मिळाली की माणूस आधी चिडतो.

दुसऱ्यांदा बघितली ती आईबरोबर, दोन वर्षांनी. मला सांगायचं होतं आणि शब्द नव्हते, म्हणून लावली. इंग्रजी तिला भरभर कळत नाही, मी अधूनमधून सांगत होतो. पहिल्या सीझनच्या शेवटी निक त्याच्या आईला सांगतो, तिथे मी सांगायचं थांबलो. पडद्याकडे बघितलंच नाही, आईच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "पोरगं किती घाबरलंय बघ. आधी खायला तरी घालायचं त्याला."

मग उठून आत गेली आणि थोड्या वेळाने थालीपीठ लावल्याचा वास आला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आम्ही नऊलाच जेवलो होतो.

पोळीचा_लाडू

तांबडा_पांढरा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

उसाचं_टिपरू

'सैराट' रोमकॉम नाही हे मान्य. पण मध्यंतरापर्यंत काय आहे सांगा? विहिरीतल्या उड्या, क्रिकेट, वर्गातली चोरटी नजर, बुलेटवरची आर्ची. २०१६ च्या मे महिन्यात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या थिएटरात 'झिंगाट'ला माणसं पडद्यापुढे जाऊन नाचली, नाणी उधळली. मीही नाचलो. शेवटी दिवे लागले तरी कुणी उठेना. बाहेर आल्यावर कुणी गाडीला किकसुद्धा मारली नाही, ढकलत रस्त्यापर्यंत नेल्या.

आमचंही आंतरजातीय आहे. घरच्यांनी चार वर्षं बोलणं टाकलं होतं, इतकंच. 'इतकंच' लिहिताना हात थांबला. आता टीव्हीवर लागला की आम्ही बघतो, गाणी पोरांना पाठ आहेत. हैदराबाद आलं की बायको रिमोट उचलते.

सदाशिव_पेठी

वय ७६. या धाग्यावर मी ज्येष्ठतम दिसतो.

'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली थिएटरात पाहिला, चिरंजीवांचं लग्न जमवायचं होतं तेव्हा. त्यात दोघांना नावंसुद्धा नाहीत. मुलगी मुंबईहून पुण्यातल्या एका मुलाला नकार द्यायला येते आणि दिवसभर भलत्याच मुलाबरोबर पुण्यात फिरते. (भलता की नाही ते ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे.) मी अर्थातच पुण्याच्या बाजूने. मुंबईचं कौतुक सुरू झालं की खुर्चीत चुळबुळ करत होतो.

गेल्या पावसाळ्यात सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सक्तीची विश्रांती, म्हणून पुन्हा लावला. ती मूळची गिरगावची. आमचा कार्यक्रम १९७४ चा: पोहे, चहा, 'गाणं येतं का', पाच मिनिटांत आटोपलं. सिनेमा अर्ध्यावर आल्यावर मी सहज म्हणालो, "आपल्याला असा अख्खा दिवस मिळाला असता तर किती बरं झालं असतं."

ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी नाहीच म्हटलं असतं."

"म्हणजे?"

"तुम्ही त्या पाच मिनिटांत तोंडच उघडलं नव्हतंत. मला वाटलं, मुलगा शांत आहे."

एसटीचा_पास

काका, काकूंचा आयडी काढून द्या इथे. आजच्या आज.