टेलफर्ड : गवंडी, वास्तुविशारद आणि मग अभियंता

टॉमस टेलफर्ड या ब्रिटिश अभियंत्याची ओळख 'रस्ते बांधणारा' एवढीच करून दिली, तर ती मला अपुरी वाटते. स्कॉटलंडच्या एस्कडेलमध्ये तो दगडकाम शिकला. इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थ गावचं १७९२ मधलं चर्च त्याच्याच आराखड्याचं, म्हणजे वास्तुविशारद तो आधीपासूनच होता.

ही गवंड्याची नजर वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवरच्या, साखळ्यांनी टांगलेल्या झुलत्या पुलात (१८२६) दिसते. गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) १७६ मीटर, आणि खालून शिडाची जहाजं जावीत म्हणून रस्ता पाण्यापासून सुमारे ३० मीटर उंच. एकूण सोळा साखळ्या, प्रत्येकीत ९३५ लोखंडी पट्ट्या. गंजू नयेत म्हणून पट्ट्या जवसाच्या तेलात भिजवल्या. प्रत्येक साखळीचा मधला भाग तराफ्यावरून आणून कप्प्यांनी वर ओढला.

कमजोरी होती ती रस्त्याच्या तक्तपोशीत, म्हणजे साखळ्यांना टांगलेल्या फळ्यांच्या पृष्ठभागात. लाकडी, हलकी आणि पुरेसा ताठपणा नसलेली! साखळ्या भार पेलायच्या, पण वाऱ्याने तक्तपोशी लाटेसारखी हलायची. १८३९ च्या वादळात तिची मोठी मोडतोड झाली. १८९३ मध्ये तिथे पोलादी तक्तपोशी आली. मूळ साखळ्या मात्र थेट १९३८-४० मध्ये बदलल्या, यावरूनच त्यांचं काम किती चोख होतं ते कळतं.