मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा हीटर ब्लोअर बंद, रिले टकटक करतो पण पंखा ढिम्म

मंडळी, माझी अक्कल संपली, आता जाणकारांनी वाट दाखवा.

गाडी जुनी पिकअप, वायरिंगला आजवर बऱ्याच जणांचे हात लागलेले. महिनाभर ब्लोअरचं नाटक चाललं होतं. खड्ड्यात आदळली की सुरू, पुढच्या खड्ड्यात बंद. डॅशबोर्डवर थाप मारली की परत चालू. आता थापेलाही दाद देत नाही आणि सकाळी समोरची काच फडक्याने पुसत गाडी चालवावी लागते.

आधी रेझिस्टरवर (पंख्याचा स्पीड कमी करणारा भाग) संशय होता. पण तो गेला की सहसा खालचे स्पीड जातात, सगळ्यात वरचा चालतो, कारण त्या स्पीडला करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो. माझे चारही बंद. ३० अँपियरचा फ्यूज काढून मीटरने बघितला, शाबूत आहे.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) शोधण्यातच अर्धा दिवस गेला. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पुसून गेलाय. शेवटी ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला, तर मागे ब्लोअरजवळ तीन सारख्या काळ्या डब्या. मुलीला पंखा लाव-बंद करायला बसवलं आणि मी एकेका डबीवर बोट ठेवून. मधलीत टक्‌कन जाणवलं, दोन जाड वायरीही तिलाच. (मुलगी वैतागून गेली, ते वेगळं.)

रिले काढून तपासला. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पायांमध्ये साधारण ८० ओहम. त्यांना १२ व्होल्ट दिले की ३० आणि ८७ हे जाड करंटचे पाय आतून जुळतात. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे म्हणून अदलाबदलही केली. ब्लोअरच्या रिलेवर हॉर्न वाजतो, हॉर्नच्या रिलेवर ब्लोअर मात्र फिरत नाही. मग मोटरचा कनेक्टर सुटा करून मोजलं तर १२.३ व्होल्ट! वीज पोचतेय म्हणजे मोटरच गेली ना? नवी घेण्याआधी विचारतोय.

प्रतिसाद १:
मोटर घेऊ नका. सुट्या कनेक्टरवरचे १२ व्होल्ट फसवे असतात. वायरीचा एक केस जरी जोडलेला असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. कनेक्टर लावून, पंखा सगळ्यात वरच्या स्पीडला ठेवून मागच्या बाजूने मोजा. खालच्या स्पीडला मोजू नका, तिथे रेझिस्टर व्होल्ट खाणारच.

प्रतिसाद २:
+१. रिले निर्दोष आहे हे तुमच्या अदलाबदलीनेच सिद्ध केलंय, आता रिले ज्यात बसतो तो सॉकेट बघा. रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ मध्ये जाड वायरीचा जंपर (दोन टोकं थेट जोडणारा तुकडा) टाका, त्यात २५ अँपियरचा फ्यूज हवाच. टोकांना रिलेच्या पायांएवढ्याच रुंद चपट्या पिना लावा. मल्टिमीटरच्या सुया खुपसू नका, आतली पकड कायमची सैल होते. आणि ८५-८६ शी गाठ घालू नका, तिथली वायर बारीक असते.

धागाकर्ता:
आताच करून आलो. कनेक्टर लावल्यावर मोटरवर फक्त २.१ व्होल्ट! बॅटरीच्या प्लसपासून ८७ पर्यंत मोजलं तर १०.२, म्हणजे सगळे व्होल्ट मधेच गडप. मोटरची अर्थिंगची वायर ते बॅटरीचा मायनस ०.१, तिकडे काही दोष नाही. जंपर टाकल्यावर आधी काहीच नाही, पण तो एका बाजूला दाबून धरला तर ब्लोअर इतक्या जोरात सुटला की वर्षभराची धूळ तोंडावर. टॉर्च लावून बघितलं तर ३० नंबरच्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलंय, आतला पितळी चिमटा फाकलाय. रिलेचा तो पायही निळसर पडलाय. काढून तपासताना हे दिसलं कसं नाही!

प्रतिसाद २:
दिसत नाही, कारण सगळे टकटक ऐकून खूश होतात. टक्‌ म्हणजे फक्त कॉइल जागी आहे. चिमटा नुसता दाबून चालणार नाही, तापलेल्या पितळेचा स्प्रिंगसारखा ताण गेलेला असतो. वायरीसकट नवा सॉकेट लावा, रिलेही बदला. आणि मोटर किती अँपियर खाते ते मोजा. बेअरिंग जड झालं असेल तर नवा सॉकेटही असाच भाजेल.

धागाकर्ता:
क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपियर मोजणारा) मित्राकडून आणतो. वरच्या स्पीडला किती आले तर काळजी करायची?

प्रतिसाद १:
गाडीगणिक फरक असतो, पण बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये १५-२० च्या आत असतात. फ्यूजच्या आकड्याला टेकायला लागले तर मोटर बाहेर काढा. आणि त्याआधी बॅटरी सोडून पंखा हाताने फिरवून बघा, पाचोळा अडकलेला निघतो कधी कधी.