मदत हवी आहे: 1968 च्या शेवरले सी-10 चा पेट्रोल काटा

मंडळी, इकडे टेक्सासमध्ये माझ्याकडे 1968 चा सी-10 पिकअप ट्रक आहे. टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे. पेट्रोलचा काटा कायम 'फुल'च्या पलीकडे. सेंडरची (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग) वायर काढून बॉडीला टेकवली की काटा लगेच रिकाम्यावर येतो, म्हणजे गेज आणि वायरिंग ठीक. सेंडर काढून मीटर लावला, तर फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) कितीही हलवा, रीडिंगच नाही. आतली केसासारखी तार तुटलेली दिसते.

नवा आणलेला सेंडर रिकाम्याला 240 आणि भरल्यावर 33 ओहम (विद्युत रोध) देतो. या गेजला 0 ते 90 हवेत, त्यामुळे तो बाद.

जुन्याची तार कोणी नव्याने गुंडाळली आहे का? टिकते का? की 0-90 चाच शोधू? फ्लोटचा दांडा टाकीबाहेरच कसा जुळवून घ्यायचा, तेही सांगा. फार जीव आहे या गाडीवर.