लष्करी हॅकिंग: ‘सगळेच करतात’ म्हटले की विषय संपतो का?

अधोरेखित

‘शंकासुर’ यांच्या कालच्या लेखाचा मथितार्थ असा, की चिनी लष्कराच्या हॅकरांविरुद्ध अमेरिका करते तो निव्वळ कांगावा आहे, सगळ्याच महासत्ता हेच उद्योग करतात, आणि म्हणून त्यांत डावे-उजवे करणे हा भाबडेपणा आहे. त्याखाली ‘अगदी मनातले लिहिलेत’ अशा प्रतिसादांची रांग पाहून राहवले नाही. उत्तर लांबणार हे दिसत असल्यामुळे वेगळा धागा काढतो आहे.

शांघायच्या पुडोंग भागातली ती बारा मजली इमारत आणि चिनी लष्कराचे ६१३९८ क्रमांकाचे हॅकर पथक यांची कथा मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या फेब्रुवारी २०१३ च्या अहवालापासून सर्वांना पाठ आहे. १४१ संस्थांमधून माहिती उपसल्याचा आकडाही त्यातलाच. परंतु मे २०१४ मध्ये या पथकाच्या पाच अधिकाऱ्यांवर ठेवलेले आरोपपत्र किती जणांनी वाचले आहे? सोलरवर्ल्ड ही सौरपटले बनवणारी कंपनी स्वस्त चिनी आयातीविरुद्ध व्यापारी दावा लढत होती, आणि नेमक्या त्याच काळात तिचा उत्पादनखर्च, तिच्या रोकडीची स्थिती आणि तिच्या वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार चोरीला गेला, असे त्यात म्हटले आहे. लष्कराच्या नोकरीतल्या माणसाने प्रतिपक्षाच्या वकिलाची पत्रे वाचावीत, यात राष्ट्राचे संरक्षण कुठे आले?

याउलट २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख माणसांची माहिती गेली आणि त्यांपैकी ५६ लाखांचे बोटांचे ठसेही गेले, तरी तेव्हाचे राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांनी जाहीरपणे चिन्यांना दादच दिली, आणि संधी मिळती तर आपणही क्षणभर कचरलो नसतो हेही सांगून टाकले. म्हणजे ज्याचे नुकसान झाले तोसुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. हेरगिरी, व्यापारी चोरी, यंत्रांची मोडतोड आणि वाटेल त्याच्या अंगावर सोडून दिलेला विषाणू ही चार निरनिराळी कृत्ये आहेत. त्यांच्यावर ‘सगळेच करतात’ अशी एकच चिठ्ठी चिकटवली, की विचार करण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

शंकासुर

माझा लेख एवढा झोंबला याचा आनंद आहे. परंतु ‘देशाच्या सुरक्षेसाठी केलेली ती हेरगिरी आणि कंपनीसाठी केलेली ती चोरी’ ही रेषा कोणी आखली, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. ज्याच्या कंपन्यांकडे चोरण्याजोगे पुष्कळ आहे, त्यानेच ती आखली. अमेरिकी हेरगिरीची गुपिते फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदपत्रांमधून २०१३ साली ब्राझीलच्या पेट्रोब्रासवरची पाळत उघड झाली, जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सेलर मेर्केल बाईंचा फोन ऐकला जात असल्याचे उघड झाले, पुढच्या वर्षी ह्वावे या चिनी कंपनीच्या सर्व्हरांमध्ये एनएसए ही अमेरिकी गुप्तचर संस्था शिरल्याचे छापून आले. पेट्रोब्रास ही तेलकंपनी आहे, क्षेपणास्त्रांचा तळ नव्हे. क्रिप्टो एजी या स्विस कंपनीची तर गोष्टच निराळी. सीआयए आणि जर्मन गुप्तचर संस्था यांनी ती १९७० मध्ये मिळून विकत घेतली आणि कित्येक देशांना पोखरलेली संकेतयंत्रे रोख पैसे घेऊन विकली, हे २०२० मध्ये जगासमोर आले. यातले काहीही ‘व्यापारी’ नव्हते, असे आपण म्हणणार असाल तर प्रश्नच मिटला.

आणि मोडतोडीविषयी बोलायचे तर इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली अपकेंद्री यंत्रे आतून फिरवून फोडणारा स्टक्सनेट हा विषाणू २०१० मध्ये सापडला. त्याचे पितृत्व अमेरिका आणि इस्राएल यांनी आजवर अधिकृतपणे स्वीकारलेले नाही, पण ते कोणाचे याविषयी गंभीर अभ्यासकांत वाद उरलेला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे!

रात्रपाळी

आपण दोघेही राजधान्यांच्या उंचीवरून बोलत आहात, म्हणून तळमजल्यावरचे थोडे सांगतो. मे २०१७ मध्ये मी एका रुग्णालयाच्या संगणक विभागात होतो. नोंदणीच्या खिडकीवरचा पहिला पडदा लाल झाला, त्यावर ३०० डॉलरची मागणी आणि उलटे धावणारे दोन काळमापक दिसले, आणि आम्ही तिथे पोहोचेपर्यंत शेजारचे पडदेही तसेच झाले होते. कोणते यंत्र कोणत्या तारेवर आहे याचा नकाशा संगणकातच अडकलेला असल्यामुळे आम्ही टेबलांखाली रांगत जाऊन हाताला लागेल ती तार उपटत गेलो. क्ष-किरण विभागातले अहवाल संध्याकाळपर्यंत कागदावर हाताने लिहिले जात होते.

विंडोजमधल्या ज्या फटीतून वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू आत आला, ती एनएसएला वर्षानुवर्षे ठाऊक होती आणि तिच्यावर ‘इटर्नलब्ल्यू’ नावाचे हत्यार बेतून त्यांनी ते स्वतःजवळ ठेवले होते. ते हत्यार हातचे गेल्यावर मायक्रोसॉफ्टला कळवण्यात आले, मार्चमध्ये दुरुस्ती आली, १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या हॅकरगटाने ते जगजाहीर केले, आणि १२ मे रोजी, अमेरिकेच्या म्हणण्यानुसार उत्तर कोरियाने, ते आमच्यावर चालवले. हत्यार एकाचे, चालवणारा दुसरा, आणि कारणे दाखवा नोटीस मात्र आमच्या विभागप्रमुखांना. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. तेव्हा चोरी कोणती आणि हेरगिरी कोणती, हा आपला वाद मला शिळोप्याचा वाटतो.

शिस्तप्रिय

‘रात्रपाळी’ यांचा अनुभव वाईट होता हे खरे, तथापि दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध होती हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. दोन महिने दार सताड उघडे ठेवायचे आणि मग चोर कोणत्या देशाचा यावर चर्चा करायची, हा प्रकार मी नोकरीच्या काळात फार पाहिला. आमच्याकडे ती दुरुस्ती आठवडाभरात सगळीकडे पोहोचली होती आणि १२ मे आम्हाला वर्तमानपत्रातून कळला. ज्या विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपला, ती अजून वापरणाऱ्यांनी महासत्तांच्या नावाने बोटे मोडू नयेत.

रात्रपाळी

वर्तमानपत्रातून कळलेल्या गोष्टींविषयी एवढ्या ठामपणे लिहिता येते, हे पाहून गंमत वाटली. वॉनाक्रायने ग्रासलेली बहुतांश यंत्रे विंडोज ७ ची होती, एक्सपीची नव्हे. आमच्याकडे रुग्णांचे अंतरंग टिपणाऱ्या यंत्राला जोडलेला संगणक ज्या करारान्वये आला होता, त्यात निर्मात्याने तपासून मंजूर केल्याखेरीज कोणतीही दुरुस्ती बसवल्यास हमी रद्द होईल, असे स्पष्ट कलम होते. मंजुरी मागणारी पत्रे आम्ही पाठवली होती. तुमच्या कार्यालयात टंकलेखनाचे संगणक असतील, आमच्याकडे माणूस नळीत झोपलेला असतो.

आणि दुरुस्त्या वेळेवर बसवण्याच्या या पुण्यकर्माचे फळ जूनमध्ये युक्रेनने पाहिले. नॉटपेट्या हा विध्वंसक विषाणू आला तो तिकडच्या ‘एम.ई.डॉक’ या करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावत आवृत्तीतून. ज्याने वेळेवर अद्ययावत केले, तोच पहिल्यांदा बुडाला. २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत सुमारे १८,००० ग्राहकांनी आतून पोखरलेली, पण कंपनीची डिजिटल सही असलेली आवृत्ती आज्ञाधारकपणे उतरवून घेतली, आणि रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेला दार उघडून दिले. यावर आपली शिस्त काय सांगते?

शिस्तप्रिय

शिस्त असे सांगते, की अपवादांवरून नियम मोडायचा नसतो. सोलरविंड्सच्या १८,००० पैकी प्रत्यक्ष आत शिरकाव झालेल्यांची संख्या फार थोडी होती, हे लिहायचे आपण विसरलात. नळीतल्या माणसाचे नाव पुढे करून गलथानपणा झाकला जात नाही. तो संगणक दुरुस्त करता येत नव्हता, तर उर्वरित नेटवर्कपासून वेगळा का ठेवला नव्हता?

रात्रपाळी

कारण त्यावरची चित्रे बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांना त्याच क्षणी हवी असतात, आणि ती बाहेर जाण्यासाठी जी वाट लागते तीच आत येण्याचीही असते. तरीही वेगळे नेटवर्क मागितले होते. त्याच्या खर्चाची नस्ती कोणत्या टेबलावर किती काळ निजली, हे सांगितले तर माझी ओळख उघड होईल.

मर्स्कसारख्या जगड्व्याळ जहाजकंपनीचे उदाहरण घ्या. नॉटपेट्यानंतर त्यांनी दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असे त्यांच्याच अध्यक्षांनी दावोसमध्ये सांगितले. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर, एकमेकांची नक्कल करणारे होते, त्यामुळे सगळे एकदम पुसले गेले. घानामधला एकच वाचला, आणि तोही तेवढ्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून.

शिस्तप्रिय

म्हणजे यापुढे वीज जाणे ही सुरक्षेची उपाययोजना समजायची! ठीक आहे, हमीच्या कलमाचा मुद्दा मान्य करतो. तो निर्मात्यांचा निर्लज्जपणा आहे. बाकी काहीही मान्य नाही.

कलमबहाद्दर

अद्ययावतीकरणाच्या या कीर्तनात एक प्रश्न राहून गेला, तो म्हणजे भरपाई कोण देणार. मर्क या औषधकंपनीने नॉटपेट्याच्या नुकसानीपोटी १४० कोटी डॉलरचा दावा केला, तेव्हा तिच्या विमाकंपन्यांनी ‘हे युद्धसदृश कृत्य असल्यामुळे पॉलिसीबाहेर’ अशी भूमिका घेतली. न्यू जर्सीच्या न्यायालयाने ती फेटाळली, मे २०२३ मध्ये अपिलातही मर्कच जिंकली, आणि उरलेले प्रकरण २०२४ च्या प्रारंभी तडजोडीने मिटले. विमावाले त्यातून शहाणे झाले. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसींमध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्यांना वगळणारे कलम सक्तीचे केले. तेव्हा ‘हल्ला कोणी केला’ हे केवळ परराष्ट्रनीतीचे कुतूहल राहिलेले नाही. उत्तर ‘अमुक देशाचे लष्कर’ असे निघाले की विमाधारकाच्या हाती धुपाटणे.

शंकासुर

मी नेमके हेच म्हणत आलो आहे. ‘अमुक देशाचे लष्कर’ हे उत्तर देणार कोण? सुरक्षेची उत्पादने विकणारी कंपनी, किंवा ‘पुरावा आहे, पण दाखवता येत नाही’ असे सांगणारे सरकार. ‘अधोरेखित’ यांना एखाद्या प्रवक्त्याच्या खुर्चीत बसवले तर त्यांना वेगळे पाठांतर करावे लागणार नाही.

अधोरेखित

वैयक्तिक शेरेबाजीशिवाय मुद्दा मांडता येत नसेल तर निदान पुराव्यांची माहिती तरी अद्ययावत ठेवा. एप्रिल २०१८ मध्ये हेग इथे रासायनिक शस्त्रबंदी संघटनेच्या इमारतीलगत उभ्या असलेल्या भाड्याच्या मोटारीच्या डिकीत वाय-फायमध्ये शिरण्याची सामग्री सापडली आणि चौघा रशियनांना डच अधिकाऱ्यांनी परत पाठवले. त्यांच्यापैकी एकाजवळ टॅक्सीची पावती होती, मॉस्कोतल्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या इमारतीजवळून शेरेमेत्येवो विमानतळापर्यंतची. जगभर दुसऱ्यांच्या संगणकांत शिरणाऱ्यांना प्रवासभत्त्यासाठी पावती जपावी लागते, यावरून ते सरकारी नोकर होते याविषयी माझी तरी खात्री पटली. हा पुरावा छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. तो कोणत्याही विक्रेत्याने दिलेला नव्हता.

आणि ज्या रेषेला आपण अमेरिकी सोय म्हणता, ती सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांनी ओबामांच्या शेजारी उभे राहून मान्य केली, आणि दोन महिन्यांनी अंताल्यात जी-२० नेही.

शंकासुर

मान्य केली आणि काय झाले? डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनेच पुन्हा आरोपपत्र ठेवले, फक्त या वेळी लष्कराऐवजी चीनच्या राज्य सुरक्षा मंत्रालयाशी, म्हणजे गुप्तचर खात्याशी, संबंधित माणसांवर. रेषा पाळली गेली नाही, खाते बदलले. आपल्या चार प्रकारांच्या वर्गवारीचे जे व्हायचे ते झाले.

अधोरेखित

करार मोडला गेला, यावरून तो करण्याजोगा नव्हता हे सिद्ध होत नाही. बरे, व्यापारी चोरी सोडून द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी ‘व्होल्ट टायफून’ या हॅकरगटाविषयी जे प्रसिद्ध केले, त्यानुसार चिनी हॅकर अमेरिकेच्या पाणी, वीज आणि वाहतूक यंत्रणांमध्ये काही ठिकाणी किमान पाच वर्षे मुक्काम ठोकून होते. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात कोणते गुपित असते? तिथे बसायचे ते वेळ आल्यावर तोटी बंद करण्यासाठीच.

शंकासुर

पाणीपुरवठ्यात शिरण्याचे समर्थन मी करणार नाही. तेवढे मिळवल्याचे समाधान आपण अवश्य मानावे. मात्र जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिका रशियाच्या वीजजाळ्यात आपला घातक कोड पेरत असल्याचे वृत्त दिले होते, तेही याच पानावर असू द्या. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, नियंत्रण कक्षातले कर्मचारी हात बांधून बघत राहिले आणि पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरत एकेक स्विच पाडत गेला. ते वाईट आणि हे प्रतिबंधात्मक, असे असेल तर मग पुढे बोलण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी

दोघांनाही एक विचारतो. चीनमध्ये २०२१ पासून असा नियम आहे, की उत्पादनात सुरक्षेची फट सापडल्यास कंपनीने ती ४८ तासांत सरकारी मंत्रालयाला कळवायची. अमेरिकेने सापडलेल्या फटी जाहीर करायच्या की राखून ठेवायच्या हे ठरवण्याची आपली कार्यपद्धती नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे वॉनाक्रायला सहा महिने उलटून गेल्यावर. आणि तीतही राखून ठेवण्याची मुभा आहेच. आपल्या चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात हा साठा बसतो, ते ‘अधोरेखित’ यांनी सांगावे.

अधोरेखित

कोणत्याच नाही. पाचवा करावा लागेल.

शिस्तप्रिय

तोवर दुरुस्त्या बसवत राहा.