निक्यो (ऐकिदोतला मनगटाचा लॉक) एकाच व्यक्तीवर लागत नाही, जोर वाढवू का?

बिनसाखरेचा_चहा:
योकोहामात ऑफिसजवळच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, ऐकिदो ही जपानी युद्धकला शिकतेय. कोतेगाएशी (मनगट बाहेर वळवून पाडणं) बऱ्यापैकी जमतं, पण निक्यो एका बाईंवर लागतच नाही. त्या उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरतात. मी डाव्या हाताने त्यांचा पंजा दाबून ठेवते, उजवा हात बाहेरून वर फिरवून त्यांच्या मनगटावर आणते आणि खाली दाबते. बाकीचे पटकन गुडघ्यावर येतात. या बाई हसत "मोत्तो, मोत्तो" करतात, म्हणजे आणखी, आणखी! सेन्सेईंना (शिक्षकांना) विचारलं तर ते बोलत नाहीत, करून दाखवतात. त्यांचं लागतं, हेच तर दुखणं आहे.

जुना_उके:
जोर अजिबात वाढवू नका. ज्यांचं मनगट लवचिक असतं त्यांच्यावर मनगट दाबून काही होत नाही, ते वाकतच राहतं. मुळात मनगट स्वतःभोवती फिरत नाही. फिरतो तो कोपरापुढचा हात, त्यातलं एक हाड दुसऱ्यावरून सरकतं. तो आधी शेवटपर्यंत फिरवा, करंगळीची कड वर येईपर्यंत, ओला पंचा पिळताना हाताला पीळ लागतो तसा. सगळा ढिलेपणा निघाला की मगच खाली.

आणि त्यांचं कोपर बघा. माझी पैज आहे की ते सरळ होतंय. सरळ झालं की संपलं, त्या आरामात उभ्या राहणार. कोपर काटकोनात वाकलेलं हवं, आणि तुमचा हात जमिनीकडे न जाता त्यांच्या बेंबीच्या दिशेने जायला हवा. दाब मनगटातून कोपरात, तिथून खांद्यात गेला की गुडघे आपोआप वाकतात. हे हळू करा. घाईने केलं तर चूक दिसतच नाही.

हाडवैद्य_नाही:
फिजिओ म्हणून एकच सांगतो. लवचिक मनगटवाल्यांना दुखल्याचं उशिरा कळतं. करंगळीच्या बाजूला आत एक कूर्चा असते, ती दुखावली की महिनोन् महिने दरवाजाची मूठ फिरवताना आठवण होते. त्या हसत असल्या तरी झटका नको.

इप्पोनवाला:
ज्युदोवाल्याचा आगाऊ प्रश्न. आमच्या स्पर्धेत फक्त कोपराचा लॉक चालतो, मनगटाचा नाही. खऱ्या मारामारीत उगाच मनगट धरून कोण उभं राहतं?

जुना_उके:
समोरच्याच्या कमरेला तलवार असेल तर धराल की! ती उपसू नये म्हणूनच धरायचं. बाकी तुमच्याच घरचे तोमिकी केन्जी बघा. ज्युदोचे जनक कानो यांचे शिष्य, ऐकिदोचे जनक उएशिबा यांच्याकडेही शिकले. त्यांनी विरोध करणाऱ्या जोडीदारावर चालतील अशी १७ तंत्रं रांदोरीसाठी (मोकळ्या लढतीच्या सरावासाठी) निवडली. त्यात मनगटाची ४ आहेत, कोतेगाएशी धरून.

बिनसाखरेचा_चहा:
कोपर सरळच होत होतं. आज दोजोत दुसऱ्या एकाने बाजूने बघून सांगितलं. बाईंनी अखेर चटईवर थाप मारली, म्हणजे लॉक लागल्याचं मान्य केलं, आणि लगेच म्हणाल्या, आता डावीकडून.