मदत हवी आहे: मराठी येते, पण अमराठी मुलांना 'का' ते समजावता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत पश्चिम उपनगरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. नऊ वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर नेमकं कुठे अडलंय ते कळणार नाही.

गेल्या आठवड्यात सहावीत सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप, चाललं होतं. फळ्यावर मी 'बाग – बागेत' लिहिलं. घरी हिंदी बोलणाऱ्या एका मुलीने वहीत लिहिलं, 'भिंतेवर पाल आहे.' मी लाल पेनने 'भिंतीवर' केलं. तिने हात वर केला. "मिस, बाग पण 'ती', भिंत पण 'ती'. दोन्हीच्या शेवटी 'अ'. मग बागेत आणि भिंतीवर असं का?"

मी म्हणाले, "ऐकून ऐकून सवयीने येतं गं." ती 'ओके मिस' म्हणून खाली बसली आणि पुढे तिने 'विहिरेत' आणि 'चिंचीचं झाड' लिहिलं. माझ्या उत्तराने तिच्या हातात काहीच पडलं नव्हतं. लोकलमध्ये घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. ती मुलगी घरी मराठी ऐकणार कोणाकडून?

असंच 'आम्ही' आणि 'आपण'चं. सहलीच्या आधी एका मुलाने विचारलं, "मिस, आम्ही उद्या नेहरू विज्ञान केंद्रात जाणार ना?" मी सुधारलं, "आपण जाणार." तर म्हणतो, "पण हम म्हणजे आम्हीच ना?" तेव्हाही मी गडबडले.

माझं बी.एड. मराठी घेऊनच झालं. पाठ घेतले ते दादरच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. तिथल्या मुलांना भाषा घरातून मिळालेली, आपण फक्त कविता उलगडायची, व्याकरणाला नावं द्यायची. आता माझ्या वर्गात ४२ मुलं आहेत. त्यांतली दहा-बारा घरी मराठी बोलतात, बाकीची हिंदी, गुजराती, तमिळ. २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती परकी भाषा म्हणून कशी शिकवायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही. शाळेत प्रशिक्षणं होतात, ती सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसवून. त्यांत मराठीसाठी वेगळं काही नसतं. आमच्या फ्रेंचच्या बाईंकडे पातळीनुसार पुस्तकं, ऐकण्याचे सराव, सगळं तयार असतं. मी पाच तुकड्यांच्या दोनशे दहा वह्या तपासते आणि त्याच त्या चुका त्याच त्या शाईने दुरुस्त करते.

एम.ए. मराठी करावं असं घरचे म्हणतात. मला साहित्य आवडतं, पण त्याने भिंतीचा आणि बागेचा प्रश्न सुटेल असं वाटत नाही. कोणी अमराठी मुलांना किंवा मोठ्यांना मराठी शिकवत असाल तर कृपया सांगा: तुम्ही हे कुठून शिकलात? आणि एकाच वर्गात मराठी बोलणारी आणि न बोलणारी मुलं असतील तर तास कसा घेता? बोलणारी कंटाळतात, खिडकीबाहेर बघत बसतात, तेही बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, मी बँकेतल्या बदलून आलेल्या लोकांना बरीच वर्षं मराठी शिकवतोय. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर आहे. अनेकवचन विचारा. बाग – बागा, म्हणून बागेत. चिंच – चिंचा, चिंचेचं. वीट – विटा, विटेवर. उलट भिंत – भिंती, म्हणून भिंतीवर. विहीर – विहिरी, विहिरीत. अनेकवचनात 'आ' आला तर सामान्यरूपात 'ए', 'ई' आली तर 'ई'. इंग्रजीतून आलेले शब्द यात धरू नका, बसमध्ये, ट्रेनमध्ये तसेच राहतात. मी पहिल्या दिवसापासून असा शब्द अनेकवचनासकटच देतो. सुटा 'भिंत' कधी लिहून देत नाही.

दुसरं, वर्गातल्या सगळ्यांना 'अमराठी' म्हणून एकाच रांगेत बसवू नका. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' आहेत, तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ'. या मुलांना 'आपण–आम्ही' फक्त दाखवून द्यायचं, फरक त्यांच्या कानात आधीच आहे. गुजरातीत नपुंसकलिंगही आहे आणि 'ळ'ही. अडतं ते हिंदीवाल्यांचं, आणि त्यांना सोपं सांगा: ज्याच्याशी बोलतोय तोही त्यात धरलेला असेल तर आपण, नसेल तर आम्ही.

आणखी एक प्रतिसाद

एकदा कलिन्याला जाऊन या. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी लोकांसाठी मराठीचा अभ्यासक्रम बनवला आहे, युरोपीय भाषांच्या पातळ्यांच्या धर्तीवर. मोठ्यांसाठी आहे, पण मांडणी बघून घेण्यासारखी आहे. एम.ए. आवडीसाठी जरूर करा. तुमची गरज मात्र वेगळी आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कलिन्याला येत्या शनिवारी जातेय.

अनेकवचनाचं आजच वर्गात करून पाहिलं. मराठी बोलणाऱ्या मुलांना उभं केलं आणि म्हटलं, मी शब्द सांगते, तुम्ही फक्त 'खूप असतील तर काय म्हणाल' ते सांगा. ती कानाने धडाधड सांगत होती, मान – माना, बहीण – बहिणी, सून – सुना, आणि बाकीची मुलं त्यावरून 'मानेवर', 'बहिणीला', 'सुनेला' अशी रूपं तयार करत होती. खिडकीबाहेर कोणी बघितलं नाही. एक मराठी घरातला मुलगा म्हणाला, "मिस, हे मलापण माहीत नव्हतं."

त्या मुलीला मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं होतं. तिने मागच्या आठवड्याचं पान काढलं, 'विहिरेत'वर रेघ मारली, 'चिंचीचं' सुधारलं. मग पहिल्या वाक्याशी थांबून तिने शेजारच्या मुलाला विचारलं, "खूप पाल असतील तर?" तो म्हणाला, "पाली." तिने वाक्य पुढे वाढवलं: भिंतीवर पाल आहे. पालीचे डोळे काळे आहेत.